बांधावरचे गाजरगवत आणि अंगावरचा इसब

मृगाचा पाऊस पडला की शेतकरी बंधूंची पेरणीची धांदल उडते. त्याच पावसावर आणखी एक पीक उगवते. त्याला बी विकत आणावे लागत नाही, खत लागत नाही, राखण लागत नाही. शाळेच्या भिंतीकडेला, एस.टी. स्टँडच्या मागे, चारीच्या कडेने, पडीक रानात आणि तुमच्या-आमच्या बांधावर ते कमरेएवढे वाढते आणि पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जाते. कोणी त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. हे तण पिकाचे अन्नपाणी खाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे ते पिकासाठी नाही, माणसाच्या कातडीसाठी.

कृषी खात्याच्या माणसाने कातडीच्या रोगावर का लिहावे, असे कोणी विचारील. औषध डॉक्टरांनीच द्यायचे आहे, त्यात आम्ही पडणार नाही. पण या रोगाचे मूळ रानात आहे, आणि रानात डॉक्टर येत नाहीत, आम्ही जातो.

शिवारफेरीला गेले की बहुतेक गावांत असा एखादा माणूस दिसतो. वय चाळीस-पन्नासच्या पुढे, बहुधा पुरुष, जन्मभर शेतात राबलेला. पापण्या जाड झालेल्या, कपाळावर आडव्या खोल घड्या, मानेची कातडी काळी आणि चरबट, कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या लवणीत खाजवून खाजवून ओल आलेली. सदऱ्याचे वरचे बटण जिथे उघडे असते तिथे छातीवर लाल पट्टा. हा माणूस चावडीवर लांब बसतो. लग्नाच्या पंगतीला जात नाही. लोक त्याच्या हातचा चहा घ्यायला कचरतात. काहींच्या मनात महारोगाची शंका असते, काही जण म्हणतात बाहेरचं काहीतरी असेल.

असेच एक बागायतदार मला एका गावात भेटले. चार वर्षे त्यांना हा त्रास होता. वांगे सोडले, अंडी सोडली, मासे सोडले, देवाचे करून झाले. मधल्या काळात ते मुलाकडे पनवेलला महिनाभर राहिले आणि अंग जवळजवळ स्वच्छ झाले. गावी परतले आणि आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. घरच्यांनी याचा अर्थ काढला की घरालाच काही दोष आहे. मी त्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा गोठ्यापासून विहिरीपर्यंतची पायवाट दोन्ही बाजूंनी गाजरगवताने भरली होती आणि त्यांची धुतलेली धोतरे त्याच गवतावर वाळत होती. नंतर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठीवर तपासणी झाली आणि निदान निघाले ते हेच, गाजरगवताचे वावडे.

वावडे म्हणजे नेमके काय

ॲलर्जी हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. आपला जुना शब्द वावडे. एखादी वस्तू इतरांना काहीच करीत नाही, पण एखाद्याच्या शरीराला ती शत्रू वाटते आणि शरीर तिच्याशी लढायला उठते. या लढाईचे दोन प्रकार लक्षात ठेवा, कारण इथेच बरीच गफलत होते.

पहिला प्रकार झटपट. कांदील माशी चावली किंवा काही खाण्यात आले की पाच-दहा मिनिटांत अंगावर गांधी उठतात, आणि काही तासांत मावळूनही जातात. दुसरा प्रकार सावकाश. वस्तू अंगाला लागते आज, आणि खाज-लाली उठते उद्या किंवा परवा. अशी लाली गांधीसारखी मावळत नाही. बारीक फोड येतात, पाणी सुटते, खपली धरते आणि कातडी जाड होत जाते. यालाच आपण इसब म्हणतो. गाजरगवताचे वावडे या दुसऱ्या प्रकारात मोडते. सोमवारी खुरपणी केली आणि बुधवारी डोळे सुजले, तर कोणाला सोमवार आठवणार? मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भरीताला दोष देऊन माणूस मोकळा होतो.

आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "साहेब, वीस वर्षे हेच गवत उपटतोय, तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" वावडे जन्मतः असते असे नाही. वर्षानुवर्षे तीच वस्तू लागत राहिली की एखाद्या वेळी शरीर तिची नोंद करून ठेवते, आणि एकदा नोंद झाली की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. त्यानंतर अंगाला थोडीशी धूळ लागली तरी पुरते. म्हणून आज ज्याला त्रास नाही त्याने छाती काढून बिनधास्त उघड्या हाताने गवत उपटावे, असे अजिबात नाही. पुढची नोंद त्याचीच होऊ शकते.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. इसब संसर्गजन्य नाही. तो हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच अंथरुणावर झोपल्याने दुसऱ्याला होत नाही. खरूज पसरते, नायटा पसरतो, इसब पसरत नाही. गावातल्या जाणत्या मंडळींनी हे चार लोकांत बोलून दाखवले तर एखाद्या माणसाची पंगत त्याला परत मिळेल.

पुण्यात नोंदलेले गवत, पुण्यात ओळखलेला रोग

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, मेक्सिकोच्या बाजूचे. आपल्याकडे ते 1950 च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि तिथून ते देशभर पसरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्रास सांगितले जाते, पण त्याआधीही हे झाड देशात पाहिल्याच्या जुन्या नोंदी आहेत, तेव्हा त्या वादात आपण पडायचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गवत जसे पुण्यात पसरले तसा त्याचा रोगही पुण्यातच आधी लक्षात आला. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1974 साली या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. आज त्वचारोगाच्या पुस्तकांत हा रोग भारताच्या नावाशी जोडलेला आहे. ही काही मिरवण्याची गोष्ट नाही.

गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. खरा गुन्हेगार हाच. झाड हिरवे असताना तर ते असतेच, पण झाड वाळले तरी ते नाहीसे होत नाही. वाळलेल्या पानांचा चुरा होतो, लव मोडते, वाऱ्याने उडते आणि घामेजलेल्या अंगावर चिकटते. म्हणून ज्याने गवताला हातही लावला नाही, नुसता मोटारसायकलवरून कडेकडेने गेला, त्याच्याही पापण्या सुजतात. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, आणि मानेच्या घडीत, कोपराच्या लवणीत धूळ साचून राहते. रोग तिथेच का दिसतो याचे उत्तर यात आहे.

पुष्कळांना वाटते की ही उन्हाची बाधा आहे, कारण उन्हात गेले की आग होते. ऊन हा रोग वाढवते हे खरे. पण नुसती उन्हाची बाधा असेल तर पापण्या, हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची जागा सहसा वाचते, कारण तिथे सावली असते. धुळीला सावली-ऊन कळत नाही. कानामागे आणि हनुवटीखालीही रोग असेल तर हवेतून येणाऱ्या वस्तूचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या वर्षांत त्रास पावसाळ्यात गवत वाढले की येतो आणि थंडीत उतरतो. पुढे पुढे तो बाराही महिने मुक्कामाला राहतो. पहिल्या दोन वर्षांत डॉक्टरांकडे जाणारा आणि दहाव्या वर्षी जाणारा यांच्यात म्हणूनच मोठा फरक पडतो.

शेवंतीची बाग करणाऱ्या बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. शेवंती, सूर्यफूल आणि गाजरगवत ही एकाच कुळातली झाडे. ज्याला गाजरगवताचे वावडे आहे त्याला शेवंतीची तोडणी करतानाही त्रास होऊ शकतो. गवत काढले तरी रोग हटत नाही अशी तक्रार असेल तर बागेकडेही पाहावे.

प्रत्येक इसब गवताचा नसतो

हे वाचून गावातल्या प्रत्येक खाजेचे खापर गाजरगवतावर फोडू नये. इसब कुठे आहे ते पाहिले की बऱ्याचदा कारण सापडते. गवंडी काम करणाऱ्याच्या हातापायावर असेल तर सिमेंट. त्यात क्रोमियमचा अंश असतो. कानाच्या पाळीला, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली, किंवा पोटावर पट्ट्याच्या बकलाजवळ असेल तर निकेल, जे खोट्या दागिन्यांत आणि स्वस्त धातूत असते. कपाळाच्या मधोमध गोल चट्टा असेल तर टिकलीचा डिंक. पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा चट्टा असेल तर रबर किंवा चामडे कमावण्याची रसायने. केस काळे करण्याच्या कलपाने टाळूच नव्हे तर चेहराही सुजतो. दिवसभर लसूण सोलणाऱ्या माउलींची बोटांची टोके भेगाळतात, आणि गंमत अशी की उजव्या हाताने सोलणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा व पहिली दोन बोटे जास्त भेगाळतात, कारण पाकळी त्या बोटांत धरलेली असते.

आणि आपला बिब्बा. बिब्बा उतला म्हणजे काय हे गावात कोणाला सांगायला नको. बिब्बा, काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीक ही एकाच कुळातली मंडळी. कोकणात काजू फोडणाऱ्यांच्या हातांना जे होते तेच आपल्याकडे बिब्ब्याने होते. तरीही इसबावर बिब्बा लावणारे, काळे ऑईल चोपडणारे लोक अजून भेटतात. आधीच फाटलेल्या कातडीवर आणखी एक दाहक वस्तू लावून तिचे काय भले होणार?

लहान मुलांचा इसब हे वेगळे प्रकरण आहे. तान्ह्या मुलाचे गाल, रांगत्या मुलाचे गुडघे, शाळकरी मुलाच्या कोपराच्या लवणी यांवर तो येतो. घरात कोणाला दमा किंवा शिंकांचा त्रास असेल तर अशा मुलांचे प्रमाण जास्त असते. त्यांची कातडी मुळातच कोरडी आणि कमकुवत असते, म्हणून गादीतल्या धुळीपासून लोकरीपर्यंत सगळेच तिला टोचते. अशा मुलांपैकी काहींना एखाद्या खाद्यपदार्थाचेही वावडे असते, पण ते कोणते हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजारणीने सांगितले म्हणून वाढत्या मुलाचे दूध आणि अंडे बंद करू नका. इसब तसाच राहतो आणि पोर मात्र वाळते. मोठ्या माणसाच्या गाजरगवताच्या इसबात तर वांगे-अंडे यांचा संबंधच नसतो. त्या बागायतदारांनी चार वर्षे वांगे विनाकारण सोडले.

ट्यूबचा मोह

आता औषधाबद्दल. खाज सुटली की आपण काय करतो? दुकानात जातो आणि "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड असते, त्यात बुरशीचे आणि जंतूचे औषध मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. मग सवय लागते. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर असे मलम लावले की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे आणि लव येते, जांघेत पांढरे चिरे पडतात. मलम बंद केले की रोग दुप्पट जोराने उसळतो. रोग इसब नसून नायटा असेल तर विचारूच नका. खाज दबते आणि नायटा आत-बाहेर पसरत राहतो. केंद्र सरकारने 2018 साली अशा स्टिरॉइड मलमांच्या विक्रीला डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. आपण चिठ्ठीशिवाय मागायचे नाही एवढे तर आपल्या हाती आहे.

याचा अर्थ स्टिरॉइड मलम वाईट असा करून घेऊ नका. उसळलेल्या इसबावर डॉक्टर तेच देतात आणि ते द्यावेच लागते. कोणत्या जोराचे, कोणत्या जागी, किती दिवस, हे त्यांनी ठरवायचे असते. चेहऱ्याला सौम्य, जाड तळव्याला तीव्र, आणि मग हळूहळू कमी. फवारणीत आपण औषधाची मात्रा आणि पिकाची अवस्था पाहतोच ना, तसेच हे. रोग फार जुना असेल तर तज्ज्ञ अझाथायोप्रिनसारख्या गोळ्या देतात. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी गाजरगवताच्या रोगात या औषधाचा चांगला उपयोग दाखवून दिला आहे. मात्र या गोळ्या घेताना वरचेवर रक्त तपासावे लागते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरण्याचा हा प्रकार नव्हे.

नेमके वावडे कशाचे हे पाहण्यासाठी पॅच टेस्ट नावाची तपासणी असते. संशयित वस्तूंच्या बारीक पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, मग काढून पाहतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. म्हणून सुगीच्या धबडग्यात न जाता सवडीने जावे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात याची चौकशी करावी. घरच्या घरी गवताचा पाला दंडावर चोळून "टेस्ट" करण्याचा उद्योग कृपा करून करू नये.

घरात आणि रानात काय पाळावे

औषध चालू असतानाच गवताशी गाठ टाळली नाही तर सगळा खर्च पाण्यात. ज्याला वावडे आहे त्याने गाजरगवत कधीही उपटू नये, हातमोजे घालूनसुद्धा नाही. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा, गळाबंद सुती सदरा, डोक्याला आणि मानेला उपरणे. मोटारसायकलवर तोंड झाकावे. रानातून आल्यावर ओट्यावर गप्पा मारत न बसता आधी अंघोळ करावी, साबण सौम्य असावा आणि घासणी नको. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावे. दिवसातून दोन-तीनदा लावले तरी चालते. कातडी मऊ राहिली की भेगा पडत नाहीत आणि धूळ आत शिरत नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, म्हणूनच बहुधा त्याकडे दुर्लक्ष होते.

रानातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत. धुतलेले कपडे बांधावर किंवा गवतावर न टाकता दोरीवर वाळवावेत. नखे कापलेली असावीत, कारण रात्री झोपेत खाजवणे आपल्या ताब्यात नसते. जखमेतून पू येऊ लागला, ताप आला किंवा डोळे पूर्ण मिटले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गावाचे काम

इथे सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि गुरुजनांशी बोलायचे आहे. (ग्रामसेवकांचे पदनाम 2024 साली बदलले, पण गाव त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणते.) एका शेतकऱ्याने स्वतःचा बांध स्वच्छ केला आणि शेजारचा गायरान पट्टा तसाच राहिला, तर रोग्याच्या कातडीला काडीचा फरक पडत नाही. वारा सातबारा पाहून वाहत नाही. म्हणून हे काम एकट्याचे नाही, गावाचे आहे. ज्या घरात रोगी आहे त्या घराभोवतीचा आणि त्याच्या रोजच्या वाटेचा पट्टा आधी हाती घ्या. सगळे गाव स्वच्छ व्हायला दोन-तीन वर्षे लागतील, पण एका वस्तीची वाट दोन दिवसांत स्वच्छ होते.

आणि एक विनंती, जरा कडक शब्दांत. श्रमदान म्हणून शाळेतल्या पोरांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावू नका. फोटो चांगला येतो, वर्तमानपत्रात बातमीही येते. पण त्या चिमुकल्या हातांपैकी कोणत्या हातावर वावड्याची पहिली नोंद होईल हे सांगता येत नाही. ज्या मुलाला दमा किंवा आधीचा इसब आहे त्याला तर त्या आवारातच आणू नये. हे काम मोठ्या माणसांचे आहे. त्यांनीही रबरी किंवा प्लॅस्टिकचे मोजे, पूर्ण बाह्या आणि नाकातोंडाला रुमाल याशिवाय हात घालू नये. कापडी मोज्यांतून गवताचा रस आत झिरपतो.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. उपक्रम चांगला आहे, पण आपल्या भागासाठी मला ती तारीख उशिराची वाटते. मृगावर उगवलेले गवत महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते. ऑगस्टच्या मध्याला पहिली पिढी फुलून गेलेली असते, आणि एक झाड 15,000 ते 25,000 बिया टाकू शकते. पहिली फेरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच झाली पाहिजे. सप्ताहात दुसरी फेरी करावी आणि परतीच्या पावसानंतर तिसरी.

गवत पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. ओल्या गवताची धूळ उडत नाही आणि मूळही सहज निघते. नुसते कापले तर बुडातून पुन्हा फुटते. फुलण्यापूर्वी उपटलेले गवत खड्ड्यात शेणकाला आणि मातीचे थर देऊन कुजवले तर चांगले कंपोस्ट होते. फुलावर आलेले मात्र खतात घालू नका, नाहीतर खताबरोबर बीही शेतात जाईल. ते वेगळ्या खोल खड्ड्यात गाडावे. वाळवून पेटवणे सोपे वाटते, पण वाळलेल्या गवताची ओढाताण करताना सगळा चुरा अंगावर उडतो. जनावरे या गवताला सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यात मिसळून गेले तर दुधाला कडवट वास येतो, म्हणून कडबा बांधतानाही पाहावे.

भिंतीकडेला, फरसबंदीच्या फटीत 100 लिटर पाण्यात 20 किलो मीठ विरघळवून फवारले तरी गवत करपते. हे शेतात किंवा विहिरीजवळ करू नये, जमीन खारवते. रासायनिक तणनाशक वापरायचे तर पीक आणि जागा पाहून, लेबल वाचून आणि कृषी खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्याला विचारूनच. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 साली निर्बंध घातले, तेव्हा दुकानदार देतो म्हणून घेऊ नये.

गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा आपण ऐकला असेल. 1983 साली तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी रानात सोडला. फिकट रंगाचा, पाठीवर काळपट वेड्यावाकड्या रेघांचा हा छोटा भुंगा आता राज्यात ठिकठिकाणी दिसतो. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने खाऊन झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात. सूर्यफूल खाईल म्हणून एकेकाळी मोठी आवई उठली होती, पण सरकारी समितीने पाहणी करून त्याला सुरक्षित ठरवले. थंडीच्या सुरुवातीला तो जमिनीत जातो आणि पुढच्या पावसाला वर येतो. म्हणून जिथे भुंगा दिसेल तिथे कीटकनाशक फवारू नका आणि ती जागा नांगरू नका. जवळच्या गावात भुंगे भरपूर असतील तर सच्छिद्र झाकणाच्या डब्यात चार-पाचशे गोळा करून पाल्यासकट आपल्या पडीक रानात सोडता येतात. गोळा करणाऱ्याला वावडे नसावे, एवढे पाहा.

उपटून मोकळी झालेली जागा मोकळी ठेवली तर तिथे पुन्हा गाजरगवतच येते. त्या जागी टाकळा पेरावा, विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात. तो दाट वाढतो आणि गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. शिवाय पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी होते. त्याच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळतात. तेव्हा बी गोळा करून कोरड्या पोत्यात ठेवावे आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडण्याआधी, रस्त्याच्या कडेने व गायरानात फेकावे. एका हंगामात जम बसत नाही, दुसऱ्या वर्षीही बी टाकावे लागते.